निद्राहीन मातेचा शोध

रहस्यकथा वाचणाऱ्यांना आणि चित्रपट पाहणाऱ्यांना एक आई चांगली परिचयाची आहे. तिचें मूल नाहींसें झालेलें असतें. कित्येक रात्रींत तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नसतो. आणि ती जें सांगते त्यावर घरच्यांचा, डॉक्टरांचा किंवा पोलिसांचा, कोणाचाच विश्वास बसत नाहीं. १९६५ सालीं ऑटो प्रेमिंजर या दिग्दर्शकानें ‘बनी लेक इज मिसिंग’ या नांवाचा एक इंग्रजी चित्रपट काढला. लंडनमध्यें नुकतीच राहावयास आलेली एक अमेरिकन तरुणी आपल्या लहान मुलीला पहिल्याच दिवशीं बालशाळेंत पोंचवून येते. पुन्हां आणावयास जाते तों मुलगी तेथें नाहीं. शाळेंतील कोणाला तिचा चेहराहि आठवत नाहीं. घरीं पाहावें तों तिचे कपडे, तिचीं खेळणीं, सारेंच नाहींसें झालेलें. मग तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनांत शंका येते कीं, अशी मुलगी मुळांत होती तरी काय?

या जातीच्या कथानकाचा सारा डोलारा एकाच प्रश्नावर उभा असतो. मूल खरें, कीं आईचें डोकें फिरलेलें? दोहोंपैकीं एक खरें असलेंच पाहिजे, असें लेखक आपणांस मोठ्या खुबीनें पटवून देतो आणि शेवटच्या पानापर्यंत ओढीत नेतो. करमणूक म्हणून याला माझी कांहींच हरकत नाहीं; मी स्वतः अशा गोष्टी आवडीनें वाचतों. परंतु हाच प्रश्न आपण जेव्हां एखाद्या खऱ्या आईला लावतों, तेव्हां तिच्यावर मोठा अन्याय होतो. तिला भास होत असतील आणि तरीहि तिचा शोध खरा असेल. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहींत. हें समजून घेण्यासाठीं लंडनला जाण्याचें कारण नाहीं. लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यापर्यंत गेलें तरी पुरे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटें झालीं होतीं. आदल्या रात्रीं गणेशविसर्जन झालेलें. मिरवणुकींत जागलेलीं माणसें उशिरानें अंथरुणाला पाठ टेकून गाढ झोंपेंत होतीं. किल्लारीच्या परिसरांत ६.२ प्रमाणाचा भूकंप झाला. आंकडा ऐकून तो कांहीं जगांतला फार मोठा भूकंप वाटावयाचा नाहीं, आणि तो तसा नव्हताहि. पण त्याचा उगम उथळ होता, आणि वर जीं घरें होतीं तीं त्याला मुळींच तोंड देऊं शकणारीं नव्हतीं. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी, तळणी, मंगरूळ, आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील सास्तूर, होळी, पेठसांगवी अशीं गांवें कांहीं क्षणांत दगडमातीचे ढीग होऊन बसलीं. पुढें जीं संपूर्णपणें नव्या जागीं वसवावीं लागलीं, अशा गांवांची संख्या ५२ भरली. मृतांची सरकारी गणना सुमारे ८,००० ची आहे. इतर अंदाज १०,००० च्या जवळ जातात.

या दोन आंकड्यांत जें अंतर आहे, त्या अंतरांतच आजचा आपला विषय दडलेला आहे.

मराठवाड्यांतील तें जुनें घर आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या काळ्या दगडांच्या भिंती, सांध्यांत चुन्याऐवजीं माती. वर लाकडी खांब-तुळयांवर घातलेलें माळवद, आणि त्या माळवदावर दरसाल नवी पांढरी माती टाकून वाढत गेलेला थर. उन्हाळ्यांत आंत शिरावें तों कसा गारवा! ऊन आणि चोर यांच्यापासून रक्षण करण्यांत या घराचा हात धरणारें दुसरें घर नाहीं. परंतु भूकंपाच्या वेळीं त्याच भिंती कोसळल्या आणि त्याच मातीनें माणसें आंतल्या आंत गुदमरलीं. कांक्रीटचें घर पडलें तर तुटलेल्या छतांखालीं पोकळ्या राहतात; मातीचें माळवद पडलें म्हणजे तें वाळूप्रमाणें प्रत्येक फट भरून टाकतें. आणि माळवदाखालीं जें गाडलें जाईल तें नेमकें कोठें असेल, हें त्या घरांत जन्म काढलेल्या माणसालाहि सांगतां येईना. लहान मुलाचें अंग तें केवढें!

पुढच्या दिवसांत पाऊस आला. प्रेतें फार काळ ठेवणें शक्य नव्हतें. पडलेल्या घरांचीं तुळया-दारें रचून सामुदायिक चिता पेटविल्या गेल्या. कित्येकांची ओळख पटविण्यास कोणी नातलग शिल्लक नव्हता; कित्येक ठिकाणीं नातलग होता, पण तो जखमी होऊन दुसऱ्याच गांवच्या इस्पितळांत पडलेला. जखमींना मिळेल त्या वाहनानें उमरगा, लातूर, सोलापूर अशा निरनिराळ्या ठिकाणीं हलविलें गेलें. अशा गोंधळांत शुद्धीवर आलेल्या आईनें पहिला प्रश्न काय विचारला असेल, हें सांगावयास नको. त्या प्रश्नाला तीन उत्तरें संभवत होतीं. मूल ढिगाऱ्याखालीं आहे. मूल चितेवर गेलें. किंवा मूल दुसऱ्या एखाद्या इस्पितळांत, दुसऱ्या एखाद्या बाईच्या मांडीवर आहे. तिन्ही उत्तरें सारखींच शक्य, आणि त्यांतलें एकहि खात्रीचें नाहीं.

आपल्या समाजाला ही अनिश्चितता नवी नाहीं. दूरदेशीं गेलेला माणूस परत आला नाहीं, तर बारा वर्षें त्याची वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिकृति करून तिला अग्नि द्यावा, असा विधि आपल्याकडे फार पूर्वींपासून सांगितला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें ही मुदत सात वर्षांची धरली आणि २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यानेंहि ती तशीच ठेविली. म्हणजे धर्मशास्त्रकारांना आणि कायदा करणाऱ्यांना, दोघांनाहि, एक गोष्ट नीट ठाऊक होती कीं, ज्याचें शव पाहिलें नाहीं त्याला मेला असें मानावयास माणसाचें मन सहजासहजीं तयार होत नाहीं. त्याला अवधि पाहिजे, आणि अवधि संपल्यावर हातांनीं करावयाचें कांहींतरी कृत्य पाहिजे. आतां यांत तान्ह्या मुलाचें काय? अगदीं लहान मुलाला अग्नि देत नाहींत, पुरतात. त्याचें सुतकहि थोडें आणि क्रियाकर्महि थोडें. मोठ्या माणसासाठीं दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. ज्या मुलासाठीं आई सर्वांत अधिक जागते, त्याच्यासाठीं रूढीनें तिच्या हातीं फारच थोडें ठेविलें आहे.

मिनेसोटा विद्यापीठांतील पॉलीन बॉस या विदुषींनीं या स्थितीचा अनेक वर्षें अभ्यास केला. व्हिएतनामच्या युद्धांत ज्यांचीं विमानें पडलीं पण ज्यांचीं प्रेतें मिळालीं नाहींत, अशा वैमानिकांच्या बायकांपासून त्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आरंभ केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९९ सालीं निघाला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, मृत्यूचें दुःख कितीहि मोठें असलें तरी त्याला आकार असतो. अर्धवट ठाऊक असलेल्या वियोगाला आकारच नसतो. म्हणून असें माणूस शोकांत पुढें सरकत नाहीं, जागच्या जागीं गोठून जातें. रडावें तर आपण मुलाला मारून टाकल्यासारखें वाटतें. न रडावें तर जग म्हणतें, हिला दगडाचें काळीज आहे. बॉसबाईंचें निदान मला असें पटतें कीं, येथें बिघाड परिस्थितींत आहे, त्या बाईंत नाहीं.

आतां झोंपेकडे वळूं. चरकसंहितेंत रात्रीच्या स्वाभाविक झोंपेला ‘भूतधात्री’ असें नांव दिलें आहे. सर्व प्राणिमात्राला सांभाळणारी दाई, असा त्याचा अर्थ. सुख आणि दुःख, पुष्टि आणि कृशता, बल आणि दौर्बल्य, हीं सारीं झोंपेवर अवलंबून असतात, असें तेथें म्हटलें आहे. विसाव्या शतकांतील प्रयोगांनीं या विधानाला पुष्टीच दिली. १९६४ च्या जानेवारींत सॅन डिएगो येथील एक १७ वर्षांचा विद्यार्थी २६४ तास, म्हणजे अकरा दिवस, सतत जागा राहिला. झोंपेचे नामांकित अभ्यासक विल्यम डिमेंट हे त्याच्यावर लक्ष ठेवून होते. चौथ्या दिवशीं त्याला रस्त्यावरची एक पाटी म्हणजे उभा माणूसच वाटली, आणि पुढें आपण स्वतः एक प्रसिद्ध खेळाडू आहों असा त्याचा समज झाला. हा मुलगा निरोगी होता, त्याला कसलेंहि दुःख नव्हतें, आणि हें सारें त्यानें हौसेनें केलें होतें. केवळ झोंप गेली तर धडधाकट तरुणाची ही गत, मग जिचें मूल गेलें आहे तिची काय कथा?

याचें कारण थोडक्यांत सांगतां येईल. जागेपणीं मेंदूंत एक प्रकारचा थकव्याचा सांठा वाढत जातो, आणि ठराविक मर्यादेपलीकडे तो मेंदू मालकाची परवानगी न विचारतां क्षणभर झोंपून घेतो. डोळे उघडे असतात, माणूस बोलत असतें, आणि मध्येंच दोन-तीन सेकंद तें तेथें नसतें. त्या दोन-तीन सेकंदांत स्वप्न जागेपणांत घुसतें. झोंप लागतां लागतां आपणां सर्वांनाच कोणी नांवानें हांक मारल्याचा भास कधीं ना कधीं झालेला आहे. जी बाई दिवसांतून शंभर वेळां झोंपेच्या उंबरठ्यावर येऊन मागें फिरते, तिला ती हांक शंभर वेळां ऐकूं येते. त्यांतच दुसरी गोष्ट. मेंदूच्या आंत बदामाच्या आकाराचा एक भाग भय आणि क्षोभ यांचा चौकीदार आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. कपाळामागील विचारी भाग त्याला एरवीं लगाम घालून असतो. २००७ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगांत एक रात्रभर जागविलेल्या तरुणांना क्लेशकारक चित्रें दाखविलीं, तेव्हां या चौकीदाराची प्रतिक्रिया झोंपलेल्यांच्या मानानें ६० टक्क्यांहून अधिक तीव्र आढळली आणि लगाम ढिला पडलेला दिसला. हा परिणाम एका रात्रीचा होता.

पण आईच्या बाबतींत केवळ थकवा एवढेंच नाहीं. घरांत पाहुणे असोत, रस्त्यावर वाजंत्री वाजत असो, तान्ह्या मुलानें जरा कण्हलें कीं आई जागी होते आणि शेजारीं वडील खुशाल घोरत असतात, हा अनुभव घरोघरींचा आहे. (वडिलांची बाजू घेऊन एवढेंच म्हणावेंसें वाटतें कीं, जे वडील रात्रीं मुलाला स्वतः सांभाळूं लागतात त्यांचेहि कान हळूहळू तयार होतात.) २०१५ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पिलाची आर्त हांक आईला इतकी ठळक ऐकूं यावी यासाठीं ऑक्सिटोसिन नांवाचा शरीरांतील एक स्राव मेंदूच्या श्रवणकेंद्राची, विशेषतः डाव्या बाजूची, जणूं नवी जुळणी करून देतो. ज्या मादीला पिलें नव्हतीं तिलाहि तो स्राव दिल्यावर ती हांकेच्या रोखानें धांवूं लागली. मनुष्याला हें सारें जसेंच्या तसें लागू करूं नये. तरीहि एवढें म्हणतां येईल कीं, आईचा कान हें मुलाच्या आवाजासाठीं तयार झालेलें यंत्र आहे. मूल गेलें म्हणून तें यंत्र त्याच दिवशीं बंद पडत नाहीं. भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडमध्यें राहत होते. लहान धक्के पुढें कितीतरी दिवस येत राहिले. पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, शेजारच्या शेडमध्यें कोणाचें तरी मूल रडतें आहे, जमीन मधूनच कांपते आहे, आणि या सर्वांतून तें यंत्र एकच आवाज शोधीत बसलें आहे. अशा वेळीं तो आवाज ऐकूं आला नाहीं तरच आश्चर्य.

वेल्समधील एका डॉक्टरांनीं, डेवी रीस हें त्यांचें नांव, १९७१ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. आपल्या भागांतील २९३ विधवा आणि विधुर यांना त्यांनीं विचारलें कीं, गेलेलें माणूस तुम्हांला कधीं जाणवतें काय? जवळ जवळ निम्म्यांनीं होकार दिला. कोणाला नुसतें सान्निध्य जाणवे, कोणाला प्रत्यक्ष आवाज ऐकूं येई. त्यांतील बहुतेकांनीं ही गोष्ट पूर्वीं कोणालाहि सांगितलेली नव्हती. कां सांगितली नसेल, हें आपण जाणतोंच. कॉलिन मरे पार्क्स आणि जॉन बोल्बी या इंग्रज मनोविकारतज्ज्ञांनीं तर असें दाखवून दिलें कीं, शोक करणारें माणूस नकळत शोधत असतें. गर्दींत तोच चेहरा, रस्त्यावर तीच चाल, फाटकाच्या आवाजांत तेंच पाऊल. मरण डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसाचीहि ही स्थिति असते. जिनें तें पाहिलेंच नाहीं, तिचा शोध तर अधिकच रास्त म्हणावा लागेल.

एवढ्या विवेचनानंतर एक भेद मात्र स्वच्छ केला पाहिजे. आईला ऐकूं आलेली हांक हा मूल जिवंत असल्याचा पुरावा नव्हे. तशीच ती मूल नसल्याचाहि पुरावा नव्हे. ती हांक आईच्या मेंदूबद्दल आणि तिच्या झोंपेबद्दल कांहीं सांगते. मुलाबद्दल कांहींच सांगत नाहीं. मुलाचें काय झालें, हें कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे ढिगारा उकरणें, इस्पितळांच्या याद्या पाहणें, विचारणें. कादंबरीकार या दोन प्रश्नांची गांठ मारतो. घरांतील शहाणीं माणसेंहि पुष्कळदां तेंच करतात. हिला भास होतात, तेव्हां हिचें सारेंच म्हणणें भ्रमाचें, असा निकाल देऊन मोकळीं होतात.

या निकालाचें उत्तर मंगरूळ गांवानें दिलें आहे. लष्कराचे जवान तेथें ढिगारे उपसत होते. एका घरांतली दीड वर्षांची मुलगी सांपडली नव्हती. चार दिवस उलटून गेले होते. आशेचें कारण उरलें नव्हतें, आणि निदान तिचें शव तरी हातीं लागावें एवढीच घरच्यांची विनंती होती. पांचव्या दिवशीं, भूकंपाला सुमारे १०८ तास झाल्यावर, लेफ्टनंट कर्नल सुमीत बक्षी आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या मुलीला बाहेर काढलें, आणि ती जिवंत होती. माळवदाच्या मातीनें जी पोकळी राहूं दिली नाहीं असें मीं मघाशीं म्हटलें, ती त्या एका ठिकाणीं कशीबशी राहिली होती. येथें ध्यानांत घेण्यासारखें असें कीं, तेथें कोणालाहि भास झालेला नव्हता. सर्वांची बुद्धि ठिकाणावर होती, आणि त्या ठिकाणावर असलेल्या बुद्धीनें जो निष्कर्ष काढला होता तो चुकीचा होता. चुकीचा निष्कर्ष काढला तरी त्या कुटुंबानें ढिगारा उकरण्याची विनंती केली, हें महत्त्वाचें. उकरलें नसतें तर ती बरोबर ठरली असती.

ही बातमी वर्तमानपत्रांतून देशभर गेली. लोकांना तिनें धीर दिला, यांत शंका नाहीं. पण ज्या शेंकडों आयांचीं मुलें मिळालीं नाहींत, त्यांना ती ऐकून काय वाटलें असेल, याचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. पांचव्या दिवशीं एक जिवंत निघालें. मग सातव्या दिवशीं कां नाहीं? आमचा ढिगारा आणखी थोडा कां उकरला नाहीं? आशेचा हा प्रश्न पुष्कळ काळ जागा ठेवणारा आहे. त्यांत आणखी एक कांटा होता. आदल्या वर्षीं, १९९२ मध्यें, किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसले होते आणि तेव्हां भयानें पुष्कळ माणसें घराबाहेर झोंपत असत. धक्के थांबले, भय ओसरलें, माणसें पुन्हां आंत निजूं लागलीं. जिनें मुलाला त्या रात्रीं हातानें आंत नेऊन निजविलें, तिला पुढें अंथरुणाचेंच भय वाटलें असल्यास नवल नाहीं.

भूकंपातून वांचलेल्यांपैकीं ४२ जणांची मनोविकारतज्ज्ञांनीं रीतसर तपासणी केली. तिचा वृत्तांत १९९६ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत आला. पाहणी लहान होती, पण तींत निम्म्याहून अधिक माणसांना निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला. त्यांत घोर उदासीनता आणि त्या रात्रीची पुनःपुन्हां उसळून येणारी स्मृति हीं दोन मुख्य. आपल्या देशांत संकटानंतर धान्य, कपडे आणि तंबू यांची व्यवस्था करावी लागते, हें सर्वांस ठाऊक होतें. मनाचीहि व्यवस्था करावी लागते, हें बऱ्याच लोकांना किल्लारीनें शिकविलें. (आई हरवलेलीं मुलें हा याच कथेचा दुसरा अर्धा भाग आहे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनीं तेथील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठीं पुण्यास आणलें. त्यांच्याविषयीं स्वतंत्रच बोलावें लागेल.)

शोध करणाऱ्या आईला ‘वेडी’ म्हणणें ही गोष्ट केवळ घरांतल्या घरांत राहत नाहीं. सत्ता हातीं असलेल्यांना ती फार सोयीची पडते. १९२८ च्या मार्चमध्यें लॉस एंजलिस शहरांत ख्रिस्तीन कॉलिन्स या बाईचा नऊ वर्षांचा मुलगा नाहींसा झाला. ऑगस्टमध्यें पोलिसांनीं एक मुलगा आणून तिच्या हवालीं केला. हा माझा नव्हे, असें ती म्हणाली, तेव्हां तिलाच वेड्यांच्या विभागांत डांबण्यांत आलें. पुढें त्या मुलानें आपण तोतया असल्याचें कबूल केल्यावर तिची सुटका झाली. तिच्या कथेवर २००८ सालीं क्लिंट ईस्टवुड यांनीं चित्रपट काढला. आर्जेंटिनांत १९७७ च्या एप्रिलमध्यें कांहीं आया राजधानींतील चौकांत जमूं लागल्या आणि लष्करी सरकारनें उचलून नेलेल्या आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारूं लागल्या. राज्यकर्त्यांनीं त्यांना ‘वेड्या’ हेंच नांव दिलें. त्या चौकांतल्या आज्यांनीं पुढें शास्त्रज्ञांच्या मागें लागून रक्तांतील आनुवंशिक खुणांवरून नातवंडें ओळखण्याची पद्धति तयार करवून घेतली, आणि तिच्यामुळें आतांपर्यंत १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. वेड्यांच्या हातून सहसा एवढें काम होत नाहीं.

मग अशा आईच्या घरांतल्यांनीं करावें तरी काय? ‘विसरून जा’ हा सल्ला प्रथम बंद करावा. तो कोणालाहि पाळतां आलेला नाहीं. झोंपेची गोळी देऊन तिला गप्प निजवावें, हा मोह डॉक्टरांनाहि होतो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ च्या आपल्या सूचनांत अशा प्रसंगीं, पहिल्या महिन्यांत, नेहमींच्या गुंगीच्या गोळ्या देऊं नयेत असें स्पष्ट सांगितलें आहे. त्या सवय लावतात आणि मनाला स्वतःहून सांवरण्याच्या कामांत अडथळा करतात. माझ्या मतें, ती कां झोंपत नाहीं हें आधीं तिला विचारावें. बहुधा उत्तर असें येईल कीं, मी झोंपलें आणि त्याच वेळीं हांक आली तर? निरोप आला तर? हें उत्तर तर्काला धरून आहे. त्यावर उपायहि तसाच असावा. घरांतल्या कोणी तरी म्हणावें, ‘वहिनी, बारापर्यंत मी बसतें. फोन माझ्या हातांत आहे, दार उघडें आहे. कांहीं कळलें तर त्याच क्षणीं उठवीन.’ आणि खरोखरच बसावें. रुग्णाच्या उशाशीं आपण पाळ्या लावतों. वाट पाहणाऱ्या घरांतहि त्या लावाव्यात. पहारा दुसऱ्यानें घेतला कीं पहारेकरी झोंपूं शकतो. दोन तास झोंप लागली तरी सकाळीं तिच्या बोलण्यांत फरक दिसेल, आणि तिच्या आठवणींतील उपयोगी तपशील, कपड्यांचा रंग, शेवटची वेळ, कोण भेटलें होतें, हें तिला अधिक नीट सांगतां येईल.

भास झाल्याचें तिनें सांगितलें तर हंसूं नये, रागावूं नये, आणि तिचें समाधान व्हावें म्हणून आपणहि ऐकल्याचें खोटें सांगूं नये. ‘तुला ऐकूं आलें, मला नाहीं आलें, चल, दोघी मिळून पाहून येऊं,’ एवढें पुरे. मात्र ती जीव देण्याच्या गोष्टी बोलूं लागली, खाणेंपिणें सुटलें, किंवा आठवडे लोटूनहि झोंप मुळींच परत येईना, तर मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यास दिरंगाई करूं नये.

शोधाचें दुसरें अंग कागदपत्रांचें आहे आणि तें रुक्ष असलें तरी झोंप आणण्यास तेंच अधिक उपयोगी पडतें. मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार पोलिसांनीं गुन्हा म्हणून नोंदविलीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० मे २०१३ चा आदेश आहे. चोवीस तास थांबा, असें कोणी सांगितल्यास त्याचें ऐकूं नये. १९९६ सालीं मुंबईंत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनीची सेवा आतां देशभर आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेंत एका तान्ह्या मुलावर अनेकांनीं हक्क सांगितल्याच्या बातम्या जगभर गेल्या. फेब्रुवारी २००५ मध्यें डीएनए तपासणीनें खरे आईबाप ठरले आणि मूल त्यांच्या हातीं आलें. १९९३ सालीं किल्लारीच्या आयांना असें कांहींच उपलब्ध नव्हतें.

मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यांत राजेंद्र भोसले नांवाचे एक सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळांत त्या ठाण्याच्या हद्दींतून हरवलेल्या १६६ मुलींपैकीं १६५ मुली त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोधून काढल्या. राहिलेली एक जानेवारी २०१३ मध्यें, सात वर्षांची असतांना, शाळेला जातांना नाहींशी झाली होती. भोसले २०१५ सालीं निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतरहि तिला शोधीत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्यें ती सांपडली. मधल्या काळांत तिचे वडील वारले होते. आई मात्र होती, आणि नऊ वर्षें सात महिन्यांनीं मुलगी तिच्यापुढें येऊन उभी राहिली. ती सांपडली तेव्हां फार दूर कोठें नव्हती. मुंबईच्या त्याच पश्चिम उपनगरांत, आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर होती.